अठराव्या शतकातील अनामिक स्त्रीचे एकचश्मी चित्र: तपासणी, नोंद आणि जतन

तळहाताएवढ्या कागदावर एका बाजूने दिसणारा, म्हणजे एकचश्मी, स्त्रीचा चेहरा, कानात मोती, हातात एखादे फूल किंवा प्याला, मागे सपाट हिरवी वा निळसर भूमी, आणि स्त्रीचे किंवा चित्रकाराचे नाव मात्र कुठेच नाही. अशी लहान चित्रे अठराव्या शतकात हैदराबाद, लखनौ, जयपूर, किशनगढ, बिकानेर अशा अनेक ठिकाणी मोठ्या संख्येने तयार झाली. आज ती संग्रहालयांत तर आहेतच, पण जुन्या घराण्यांच्या कपाटांत, पोथ्यांच्या बासनांत आणि लिलावगृहांच्या यादीतही सापडतात. असे एखादे चित्र आपल्याकडे असेल, वारशाने येणार असेल किंवा विकत घेण्याचा विचार असेल, तर त्याची तपासणी कोणत्या क्रमाने करावी, काय नोंदवावे आणि ते कसे सांभाळावे, हे या लेखात टप्प्याटप्प्याने सांगितले आहे.

क्रमाला मी मुद्दाम महत्त्व देतो. चित्र हाती येताच ‘ही कोण?’ हा प्रश्न सर्वांच्या तोंडी असतो आणि त्या घाईत चित्राला एखाद्या राणीचे किंवा प्रसिद्ध नायिकेचे नाव चिकटते. एकदा नाव चिकटले की पुढची सगळी तपासणी त्या नावाला दुजोरा शोधण्यातच जाते. म्हणून आधी कागद, मग पाठ, मग रंग आणि रेषा, त्यानंतर वेशभूषा आणि नाव सर्वांत शेवटी, हा क्रम मोडू नये.

हात लावण्यापूर्वी

या चित्रांतील रंग डिंकात खलून लावलेले असतात आणि डिंक पाण्यात विरघळतो. ओल्या बोटाने रंग चाचपणे, दमट फडक्याने धूळ पुसणे, खोडरबराने किंवा पावाच्या तुकड्याने डाग काढणे, हे सर्व कटाक्षाने टाळावे. चेहऱ्यावरचा गुलाबी रंगाचा थर इतका पातळ असतो की एकदा पुसला गेला तर तो परत आणता येत नाही.

टेबलावर स्वच्छ पांढरा कागद अंथरावा, हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि चित्र नेहमी एखाद्या ताठ पुठ्ठ्यावर ठेवूनच हलवावे. कागदासाठी हातमोज्यांचा आग्रह धरण्याचे कारण नाही, कारण सुती मोज्यांचे धागे सुटलेल्या रंगाच्या पापुद्र्यात अडकतात आणि बोटांचा अंदाजही जातो. चहा, पाणी आणि शाईचे पेन टेबलावर नकोत. नोंदी पेन्सिलीने कराव्यात. चित्र काचेच्या चौकटीत असेल आणि कागद काचेला चिकटल्यासारखा दिसत असेल, तर ती चौकट घरी उघडू नये. काचेबरोबर चेहऱ्याचा रंग उचलला जाण्याचा धोका खरा आहे, आणि ते काम कागदाच्या संवर्धकाचेच आहे.

पहिली पायरी: मोजमाप आणि छायाचित्रे

तीन मापे घ्यावीत: रेघांच्या चौकटीतील प्रत्यक्ष चित्र, हाशियासह, म्हणजे भोवतीच्या कडेच्या पट्ट्यासह, चित्र आणि संपूर्ण पान. प्रत्येक वेळी उंची आधी आणि रुंदी नंतर, मिलिमीटरमध्ये लिहावी. मापे बारकाईने घेण्याचे कारण असे की ही चित्रे पुष्कळदा मोठ्या संचातून सुटी झालेली असतात आणि पुढे त्याच मापाचे, त्याच हाशियाचे भावंड एखाद्या संग्रहात सापडले तर नाते जुळवण्याचा पहिला धागा मापच असतो.

छायाचित्रे खिडकीच्या मवाळ उजेडात, थेट ऊन टाळून काढावीत; शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवावी. पूर्ण पान पुढून, पूर्ण पान मागून, चेहरा, हात, दागिने, चारही कोपरे, प्रत्येक डाग आणि प्रत्येक भोक यांचे वेगळे छायाचित्र असावे. त्यानंतर खोली अंधारी करून एकच दिवा पानाच्या पातळीवर, अगदी आडवा धरावा आणि तो एकेका बाजूला नेत चार छायाचित्रे काढावीत. आडव्या उजेडात सपाट वाटणारा कागद बोलू लागतो: घड्या, फुगवटे, पापुद्रे सुटलेली जागा, नंतर भरलेला रंग, सारे सावलीने उठून दिसते. सपाट स्कॅनरवर चित्र पालथे घालू नये, कारण काचेचा दाब मोत्यांच्या उठावावर आणि सुटलेल्या रंगावर येतो.

दुसरी पायरी: कागद

भारतीय लघुचित्र सहसा एकेरी कागदावर नसते. हातकागदाचे अनेक थर खळीने एकमेकांवर चिकटवून, वाळवून, अकीकाच्या किंवा तशाच गुळगुळीत दगडाने घोटून जो जाड आणि ताठ पुठ्ठा तयार होतो त्याला वसली म्हणतात. पानाची कड भिंगातून पाहिली तर थर वेगवेगळे दिसतात आणि कोपऱ्याशी ते सुटूही लागलेले असतात. जुना हातकागद अंबाडी, ताग, जुने दोरखंड, गोणपाट आणि चिंध्या यांच्या लगद्यापासून बनत असे. त्यात लांब तंतू आणि क्वचित न कुटलेल्या काड्यांचे तुकडे दिसतात. दख्खनमध्ये दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि जुन्नर ही कागदाची नामांकित केंद्रे होती. मराठी दप्तरे ज्यांनी हाताळली आहेत त्यांना त्या घोटीव कागदाची चकाकी आणि दुमडताना होणारा करकरीत आवाज ओळखीचा असेल. चित्र मात्र दुमडून पाहू नये.

पातळ, एकेरी आणि पूर्ण एकसारख्या पोताचा कागद असेल तर तो युरोपीय असण्याची शक्यता धरावी. इंग्लंडमध्ये व्हॉटमन यांच्या गिरणीत जाळीच्या रेघा न उमटणारा सपाट पोताचा कागद १७५० च्या दशकात तयार होऊ लागला, आणि शतकाच्या अखेरीस कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांसाठी काम करणारे भारतीय चित्रकार असा कागद वापरत होते. उजेडासमोर धरल्यावर जलचिन्हात वर्ष दिसले, तर चित्र त्या वर्षाच्या आधीचे असू शकत नाही, हे निर्विवाद समजावे. इंग्रजी कागदात अशी वर्षे १७९४ पासून सर्रास दिसतात. लाकडाच्या लगद्याचा, कडेने पिवळा पडून ठिसूळ झालेला कागद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचा असतो. मूळ चित्राला नंतर असा पुठ्ठा मागे लावलेला असणेही शक्य आहे, त्यामुळे निष्कर्षापूर्वी कड पुन्हा एकदा तपासावी.

किड्यांच्या भोकांकडे विशेष लक्ष द्यावे. कसर आणि इतर किडे खळीच्या ओढीने वसलीत शिरतात. खळीत मोरचूद घालण्याची रीत त्यासाठीच आहे. आपला प्रश्न असा असतो की भोक आधीचे की रंग आधीचा. दहापट भिंगातून भोकाची कड पाहावी. रंग भोकाच्या कडेशी स्वच्छ तुटला असेल आणि आतल्या कागदाचा मूळ रंग दिसत असेल, तर किडा चित्रानंतर आला. रंग मात्र भोकाच्या आत ओघळला असेल, कडेवर साचला असेल, किंवा जुनी घडी मोडलेल्या जागी भेगेत शिरला असेल, तर जुन्या कागदावर नवे चित्र काढलेले आहे. विक्रीसाठी जुन्या वह्यांच्या आणि पोथ्यांच्या पानांवर नवी चित्रे रंगवण्याचा उद्योग अनेक वर्षे चालू आहे. पाठीवर फारसी किंवा देवनागरी मजकूर आहे म्हणून चित्र जुने, हा समज त्यामुळेच महागात पडतो. पाठीवरील मजकुराचा चित्राशी काही संबंध आहे का, तो पुढच्या बाजूला रंगाखाली दडलेला आहे का, हे प्रत्येक वेळी पाहावे.

तिसरी पायरी: पानाची पाठ

पुष्कळ संग्राहक पाठीकडे एकदा नजर टाकतात आणि पान उलटून ठेवतात. माझ्या मते अनामिक चित्राबद्दल सर्वांत विश्वासार्ह माहिती बहुधा तिथेच मिळते. बिकानेर आणि मेवाड इथल्या दरबारी संग्रहांतील अनेक चित्रांच्या पाठीवर मोजदादीचे आकडे आणि कारकुनी नोंदी आहेत. फारसीत ‘शबीह’ आणि राजस्थानी लेखनात ‘सबी’ हा शब्द आला की पुढे कोणाचे तरी नाव असण्याची आशा धरावी, कारण तो शब्द व्यक्तिचित्रासाठीच योजलेला असतो. मराठी घराण्यातून आलेल्या चित्रावर मोडीत टिपण असू शकते. अशा वेळी तर्क लढवत न बसता स्पष्ट छायाचित्र मोडी वाचकाला दाखवावे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत असे जाणकार भेटतात.

कालगणना ओळखता आली पाहिजे. शके असेल तर ७८ मिळवावेत, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करावेत, आणि वर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी एका वर्षाचा फरक धरावा. हिजरी सन चांद्र असल्याने त्यासाठी कोष्टकच वापरावे. पेशवेकालीन लेखनातील सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. उदाहरणार्थ शके १६९०, संवत १८२५, हिजरी ११८२ आणि सुहूर ११६९, म्हणजे ‘तिसा सितैन मया व अलफ’, या चारही नोंदी इ.स. १७६८-६९ कडेच नेतात. आकडा कोणत्या गणनेतील आहे हे न पाहता १८२५ हे इसवी सन समजले, तर चित्र एका फटक्यात अर्धशतकाहून अधिक पुढे ढकलले जाते.

लेख चित्राच्या काळचा आहे की नंतरच्या मालकाचा, हेही ठरवावे लागते. शाईचा रंग, अक्षराचे वळण आणि लेख हाशियाच्या चिकटवलेल्या पट्टीवर आहे की मूळ वसलीवर, या तीन गोष्टी पाहाव्यात. पाने कापून नवे हाशिये लावण्याची प्रथा जुनी आहे. तेव्हा हाशिया एका काळचा, चित्र दुसऱ्या आणि लेख तिसऱ्या काळचा असण्यात वावगे काही नाही. जुन्या दुकानांची लेबले, शिक्के, लिलावाचे क्रमांक, खडूच्या खुणा हे सर्व जसेच्या तसे राहू द्यावे. तो चित्राच्या प्रवासाचा पुरावा आहे आणि लेबल कुरूप दिसते म्हणून ते खरवडणे अक्षम्य आहे.

चौथी पायरी: रंग आणि रेषा

इथे घाई करू नये. भिंग, चांगला उजेड आणि निवांत वेळ हवा. आधी एक साधी खात्री करावी. भिंगाखाली रंग ठिपक्यांच्या जाळीत फुटत असेल तर ती छापील प्रत आहे, मग ती चौकट कितीही जुनी असो. छापील रेषेवर हाताने रंग भरलेल्या प्रतीही मिळतात, म्हणून चेहरा आणि पार्श्वभूमी दोन्ही तपासावेत.

खरे चित्र भिंगाखाली कसे दिसते ते सांगतो. कानशिलाजवळ पाहा: तिथे केस थेट काळ्या रंगाने सुरू होत नाहीत. आधी करड्या रंगाचा एक पातळ हात असतो, त्यावर एकेक केस स्वतंत्र रेषेने काढलेला असतो आणि त्वचेकडे येताना प्रत्येक रेषा बारीक होत संपते. गालाची गोलाई सपाट रंगाने आणलेली नसते. खारीच्या केसांच्या कुंचल्याने ओढलेल्या असंख्य बारीक रेघोट्यांनी, ज्याला परदाज म्हणतात, ती उभी केलेली असते. नाकपुडी, ओठांची फट, पापणी आणि हनुवटीखालची कड यांवर अखेरीस गडद रेषा फिरवलेली असते, ती खुलाई. एकचश्मी चेहऱ्यात चित्रकाराची सारी परीक्षा कपाळापासून गळ्यापर्यंत जाणाऱ्या या एका रेषेत होते. ती एका श्वासात ओढल्यासारखी, दाबाच्या चढउतारासह वाहती आहे की थांबत थांबत, दुसऱ्या चित्रावर कागद ठेवून गिरवल्यासारखी आहे, हे भिंगातून ओळखता येते.

मोती तर वेगळे पाहावेत. अठराव्या शतकातील कुशल चित्रकार मोत्यासाठी सफेद्याचा, म्हणजे शिशाच्या पांढऱ्याचा, दाट थेंब ठेवतो. आडव्या उजेडात प्रत्येक थेंब एका बाजूला उजळतो आणि दुसऱ्या बाजूला सुईच्या टोकाएवढी सावली टाकतो. नथीच्या वर्तुळातील मोती ओठांवर येतात आणि त्यांच्या खाली ओठांचा लाल रंग अखंड गेलेला असतो, कारण चेहरा पूर्ण झाल्यावरच दागिने चढवले जात. सोने पूड करून डिंकात मिसळून लावलेले असते, त्यावर घोटाई केलेली असते आणि काही ठिकाणी ते चमकावे म्हणून सुईने टोचलेले असते. मोती सपाट, सोने पितळी आणि हिरवट पडलेले, अशी जोडी दिसली तर ते नंतरच्या काळाचे काम किंवा नंतरची डागडुजी असल्याचा संशय घ्यावा.

रंगद्रव्यांचा इतिहास तारखेसाठी उपयोगी पडतो, पण तो बहुतेक वेळा ‘यापूर्वीचे नाही’ एवढेच सांगतो. हिंगूळ, हरताळ, नीळ, गेरू, काजळी, जंगाल, सफेदा आणि पेवडी हे जुने रंग. बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या प्रारंभी तयार झालेला प्रशियन निळा सापडला तरी चित्र त्या शतकाबाहेर जात नाही. मात्र १८१४ मध्ये आलेला एमराल्ड हिरवा, १८२८ पासून बाजारात आलेला कृत्रिम अल्ट्रामरीन, किंवा १८३० च्या दशकात जलरंग म्हणून मिळू लागलेला जस्ताचा पांढरा मूळ रंगकामात असेल, तर चित्र अठराव्या शतकाचे राहत नाही. टायटॅनियमचा पांढरा तर विसाव्या शतकाचाच. हे सर्व डोळ्यांनी ठरत नाही. प्रयोगशाळेत रंग न खरवडता, क्ष-किरणांच्या साहाय्याने मूलद्रव्ये ओळखण्याची सोय असते आणि किमती चित्रासाठी ती वापरावी.

घरी करण्याजोगी एक चाचणी अतिनील दिव्याची आहे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून, अंधाऱ्या खोलीत, थोडाच वेळ दिवा धरावा. पेवडी त्यात झळझळीत पिवळी उजळते, जस्ताचा पांढरा पिवळसर हिरवा चमकतो आणि टायटॅनियमचा पांढरा काळपट राहतो. कागद निळसर पांढरा लखलखला तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वापरात आलेली उजळ करणारी रसायने आहेत. केवळ एक-दोन मोती वेगळे चमकले आणि बाकीचे नाही, तर चित्र जुने असून मोती नंतर दुरुस्त केले असावेत. डागडुजी हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. तिची नोंद मात्र झाली पाहिजे.

रंगांचे आजारही इथेच ओळखावेत. पांढरा चेहरा किंवा मोती करडे-काळे पडले असतील तर हवेतील गंधकयुक्त वायूंनी शिशाचा सफेदा बिघडला आहे. हिरव्या भागामागे कागद तपकिरी होऊन तडकत असेल तर ते जंगालाचे काम. तांब्याचा हा हिरवा कागद अक्षरशः खातो. या दोन्हींवर घरगुती उपाय नाही. ही लक्षणे दिसली तर चित्र हलवणे कमी करून संवर्धकाला दाखवावे. लखनौ येथील राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला संवर्धन केंद्र ही या कामाची जाणती ठिकाणे आहेत.

पाचवी पायरी: ठिकाण आणि पठडी

जहांगीर आणि शाहजहानच्या दरबारांत एका बाजूने दिसणारा चेहरा हा प्रतिष्ठित व्यक्तिचित्राचा जवळजवळ नियम बनला आणि अठराव्या शतकापर्यंत तो दख्खनपासून पंजाबच्या डोंगरी राज्यांपर्यंत रुजला. चेहरा एकचश्मी आहे एवढ्यावरून ठिकाण ठरत नाही. ठिकाण सापडते ते डोळ्याच्या आकारात, कपाळ व नाकाच्या नात्यात, भूमीच्या रंगात आणि हाशियाच्या रीतीत.

किशनगढच्या चित्रांत नाक आणि हनुवटी टोकदार, भुवई उंच कमानदार, डोळा कानाकडे ओढलेला आणि गालावर केसांची वळलेली बट असते. निहालचंद या चित्रकाराशी जोडले जाणारे आणि ‘बणी-ठणी’ म्हणून प्रसिद्ध असलेले राधेचे चित्र या पठडीचे टोक आहे. १९७३ च्या टपाल तिकिटामुळे तो चेहरा घरोघरी पोहोचला, आणि म्हणूनच त्याच्या नव्या नकलाही सर्वाधिक आहेत. हैदराबादच्या पठडीत पांढरी गच्ची, खालच्या कडेला फुलझाडांचा वाफा आणि सोन्याचा मुक्त वापर दिसतो. लखनौ व फैजाबाद येथे, विशेषतः १७७० च्या दशकात पोलिए या युरोपीय अधिकाऱ्यासाठी काम करणाऱ्या मेहरचंद या चित्रकाराच्या काळात, चेहऱ्यावर युरोपीय छायाप्रकाशाचा संस्कार जाणवतो.

पुण्याविषयी थोडे वेगळे सांगायला हवे, कारण मराठी वाचकाला आपल्या घरातील चित्र ‘पेशवाई’ वाटणे स्वाभाविक आहे. पेशवेकाळात पुण्यात चित्रकला नक्कीच होती. शनिवारवाड्यातील भित्तिचित्रांसाठी जयपूरहून भोजराज हा चित्रकार आणवल्याचे प्रसिद्ध आहे, आणि १७९० च्या दशकात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराबरोबर काम करणारा गंगाराम तांबट हा नावानिशी ओळखता येणारा पुण्याचा कलावंत आहे. परंतु मराठे सरदार उत्तरेत आणि दख्खनमध्ये फिरत होते, चित्रे भेट म्हणून येत होती, विकत घेतली जात होती. चित्र मराठा घराण्यात सापडणे आणि ते महाराष्ट्रात रंगवले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नोंदीतही त्या वेगळ्याच लिहाव्यात.

वेशभूषा या टप्प्यावर पाहावी. घागरा, कांचळी आणि ओढणी राजस्थानकडे, पेशवाज आणि तलम मलमल मोगल पठडीकडे, चोळी आणि साडी दख्खनकडे बोट दाखवते. मात्र चित्रकार स्थलांतर करत, आणि जुन्या चित्रावरून पारदर्शक कातड्यावर खाका, म्हणजे रेषांचा साचा, उतरवून, त्याच्या रेषांवर टोचे मारून, त्यातून कोळशाची पूड झिरपवून तीच आकृती पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा काढली जाई. म्हणून १७८० चे चित्र १७२० च्या वेशात असू शकते. वेशावरून तारीख काढताना खाक्याचे वय आणि रंगकामाचे वय यांत गल्लत होऊ देऊ नये.

सहावी पायरी: नाव

पडद्यात राहणाऱ्या प्रतिष्ठित स्त्रियांना पुरुष चित्रकार समोर बसवून रंगवू शकत नसे, ही वस्तुस्थिती लक्षात ठेवली तर बरेच प्रश्न सुटतात. अशा चित्रांतील चेहरा बहुतेक वेळा त्या पठडीतील आदर्श सौंदर्याचा चेहरा असतो. गायिका, नर्तिका आणि दासी यांना चित्रकार पाहू शकत, तरीही त्यांचे चेहरे त्याच साच्यात ओतले जात. म्हणून दोन चित्रांतील चेहरे सारखे दिसतात हा ओळखीचा पुरावा होत नाही. एका पठडीतील सगळेच चेहरे सारखे दिसतात.

अहमदनगरच्या चांदबिबीचे उदाहरण बोलके आहे. तिचा अंत सोळाव्या शतकाच्या अखेरीस झाला, पण घोड्यावर बसून बहिरी ससाण्याने शिकार करणारी एकचश्मी चांदबिबी दख्खनी चित्रकारांनी अठराव्या शतकात वारंवार रंगवली. त्या चित्रांत तिची स्मृती आहे, तिचे प्रत्यक्ष रूप नाही. नूरजहान, मुमताजमहल, जेबुन्निसा आणि आपल्याकडे मस्तानी ही नावे याच रीतीने कित्येक अनामिक स्त्रियांना नंतर चिकटलेली आहेत. चित्रावर समकालीन लेख असेल, किंवा त्याच संचातील जुनी यादी उपलब्ध असेल, तरच नाव लिहावे. घराण्यातील परंपरा सांगत असेल तर ‘घरातील समजुतीनुसार’ असे शब्द वापरून, सांगणाऱ्याचे घराण्यातील नाते आणि नोंदीची तारीख लिहावी. अनामिक म्हणून नोंदवल्याने चित्राचे मोल कमी होत नाही. चुकीचे नाव मात्र पुढच्या अभ्यासकाची वाट अडवते.

नोंदीचा नमुना असा ठेवता येईल: ‘फूल घेतलेली स्त्री, एकचश्मी, अर्धाकृती, वाचकाच्या डावीकडे पाहणारी. चित्रकार अज्ञात. दख्खन, बहुधा हैदराबाद. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध. घोटीव वसलीवर अपारदर्शक जलरंग आणि सोने. हाशिया नंतरचा. पाठीवर मोडीत दोन ओळी, अवाचित. उजव्या खालच्या कोपऱ्यात थर सुटलेले. मोती अंशतः काळवंडलेले.’ ‘बहुधा’, ‘पठडीतील’, ‘नंतरची प्रत’ हे शब्द विचार करून वापरावेत, कारण नोंद वाचणाऱ्याला आपल्या खात्रीची पातळी त्यांतूनच कळते.

जतन

चित्राला सर्वांत मोठे शत्रू दोन: उजेड आणि आर्द्रतेचे चढउतार. संग्रहालये अशा चित्रांसाठी सुमारे ५० लक्स एवढा मंद प्रकाश ठेवतात. घरात चित्र सतत भिंतीवर ठेवण्यापेक्षा वर्षातून काही आठवडे लावून बाकी काळ पेटीत ठेवणे योग्य. पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंत, स्वयंपाकघराची भिंत आणि देवघराजवळची, धूप-उदबत्तीचा धूर लागणारी जागा टाळावी. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास आणि स्थिर असावी. कोकणात आणि मुंबईत हे कठीण असते, म्हणून चित्र आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या घडीत, त्या घडीसह घट्ट झाकणाच्या पेटीत आणि ती पेटी आतल्या खोलीतील कपाटात ठेवावी. पेटीत साधे आर्द्रतामापक ठेवावे. सिलिका जेल भरपूर टाकल्यास वसली अति कोरडी होऊन वाकते आणि रंगाला भेगा जातात, हे विसरू नये.

चौकट करायची असेल तर चित्र आणि काच यांच्यात खिडकीसारख्या कापलेल्या जाड पुठ्ठ्याचे अंतर हवेच. चित्र मागच्या पुठ्ठ्याला जपानी टिश्यू कागदाच्या छोट्या बिजागऱ्यांनी आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने जोडावे. सेलोटेप, फेविकॉल, दुहेरी चिकटपट्टी आणि लॅमिनेशन यांना पूर्ण मज्जाव. प्लायवुड आणि हार्डबोर्डची पाठ आम्ल सोडते. ॲक्रिलिकची पारदर्शक पाटी हलकी असली तरी तिच्यातील स्थिर विजेने सुटलेला रंग उचलला जातो, म्हणून अशा चित्रासाठी अतिनील किरण अडवणारी काचच बरी. बुरशी दिसली तर ती ब्रशने झाडू नये आणि चित्र उन्हात तर मुळीच ठेवू नये. ते इतर कागदांपासून वेगळे करून, कोरड्या हवेच्या खोलीत उघडे ठेवून संवर्धकाशी संपर्क साधावा.

कायद्याची बाजू

शंभर वर्षांहून जुने चित्र पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार पुरावस्तू ठरते. हा कायदा १९७६ पासून अमलात आहे आणि लघुचित्रांचा समावेश नोंदणी आवश्यक असलेल्या वर्गांत होतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतील नोंदणी अधिकाऱ्याकडे छायाचित्रांसह अर्ज करून प्रमाणपत्र घ्यावे आणि मालकी बदलली, मग ती विक्रीने असो वा वारशाने, तर तेही कळवावे. खाजगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाने किंवा मुलीने आजीच्या आठवणीसाठी चित्र सामानातून नेणे हाही गुन्हाच ठरतो. नवी प्रत बाहेर न्यायची असेल तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी मिळवावा लागतो. विकत घेताना विक्रेत्याचा परवाना, चित्राचे नोंदणी प्रमाणपत्र आणि तपशीलवार पावती मागावी. पावतीवर केवळ ‘जुने चित्र’ असे लिहिलेले स्वीकारू नये. नोंदणीची छायाप्रत, सर्व छायाचित्रे आणि आपण केलेली नोंद चित्रापासून वेगळ्या ठिकाणी ठेवावी, आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर पेटी उघडून पहिल्या छायाचित्रांशी चित्राची तुलना करावी.